गोव्याच्या इतिहासावर आठ एपिसोडचा सीझन करायचाय, सुरुवात कुठून करू? (उत्तर लांब आहे, चहा घेऊन बसा)

प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे मधेच वाचणाऱ्यांनाही कळेल. म्हापशाचे तिघं मित्र, मराठीत गोव्याच्या इतिहासाची डॉक्युमेंटरी मालिका करायची आहे, पहिला सीझन आठ एपिसोड, प्रत्येकी २६ मिनिटं. यादी तयार आहे: कदंब, आदिलशाही, आल्बुकेर्क (१५१० ला गोवा घेणारा पोर्तुगीज), इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय), शिवाजी-संभाजी, सत्तरीच्या राणे घराण्याची बंडं, मुक्तिलढा, ऑपरेशन विजय (१९६१ ची भारतीय सैन्याची कारवाई). विचारलंय की रिएनॅक्टमेंट (जुने प्रसंग नट घेऊन परत उभे करणं) किती ठेवू, शूट कुठल्या एपिसोडपासून सुरू करू आणि सीझनला धागा कसा आणू.

मी बावीस वर्षं हेच करतोय, रिसर्च आणि स्क्रिप्ट, मधे चार वर्षं एडिटला पण बसलो, म्हणून लिहिण्याचा थोडा हक्क आहे असं समजतो.

सगळ्यात आधी शूटचं, कारण त्याला थांबायला वेळ नाही. शेवटून सुरू करा. सातवा-आठवा एपिसोड आधी. १९६१ साली जो वीस वर्षांचा होता तो आज पंच्याऐंशीच्या घरात आहे, आणि १८ जून १९४६ ला मडगावात लोहियांच्या सभेला जो कॉलेजवयाचा पोरगा म्हणून उभा होता तो जवळजवळ शंभरीला. कदंबांचं देऊळ पुढच्या वर्षीपण तिथंच असणार आहे हो. ही माणसं नसतील. आमचंच सांगतो, साखळीकडचे एक आजोबा होते, १९५५ च्या सत्याग्रहात मार खाल्लेले, फोनवर तासभर बोलले, आवाज खणखणीत, सगळं तारीखवार. आम्ही म्हटलं चवथ होऊन जाऊ दे, मग निवांत युनिट घेऊन येतो. चवथ झाली, अनंत चतुर्दशी झाली, आणि गेलो ते बाराव्याला. आता त्या एपिसोडमधे त्यांच्या जागी एक प्राध्यापक पुस्तकांच्या कपाटासमोर बसून तीच गोष्ट सांगतो, माहिती बरोबर आहे पण त्यात काही नाही. तेव्हा कॅमेरा भाड्याने मिळत नसेल तर मोबाईलवर घ्या, पण कॉलरचा माईक चांगला लावा, चित्र खराब चालतं, आवाज खराब चालत नाही. आणि फॅन बंद करायला सांगा, म्हाताऱ्या माणसांच्या घरात फॅन कायम फुल्ल असतो आणि तो एडिटमधे निघत नाही.

आता तुमची यादी. राग मानू नका, ही शाळेच्या पुस्तकाची यादी आहे. राज्यकर्ता बदलला की धडा बदलला. असा सीझन होतो, लोक बघतातही, पण गोव्याच्या बाबतीत त्यात एक मोठी खोट आहे आणि ती म्हणजे "साडेचारशे वर्षं पोर्तुगीज" हे वाक्य. तुमच्या प्रोमोत ते असणारच, पैजेवर सांगतो. पण कुठला गोवा साडेचारशे वर्षं? तिसवाडी १५१० पासून, बार्देश आणि साष्टी १५४३ पासून. ह्या जुन्या काबिजादी (आधी जिंकलेला मुलूख). फोंडा त्यांच्याकडे गेला १७६३ च्या सुमारास, डिचोली-सत्तरी १७८० च्या आसपास आणि पेडणे १७८८ ला, ह्या नव्या काबिजादी. पेडण्याच्या माणसाचा हिशोब केला तर १७३ वर्षं होतात, ४५१ नाही. नकाशावर मोठा भाग नव्या काबिजादींचाच आहे. मग म्हापशाहून निघून कोलवाळचा पूल ओलांडून पेडण्यात शिरलं की घरं, देवळं, आडनावं, बोली सगळं का बदलतं ह्याचं उत्तर १५४३ आणि १७८८ ह्या दोन तारखांमधे आहे, आणि ते उत्तर राज्यकर्तेवार यादीत कुठेच बसत नाही, कारण प्रत्येक एपिसोड "गोवा" म्हणजे एकच तुकडा धरून चालतो.

म्हणून धागा विचारताय तर मी म्हणेन नदी धरा. म्हणजे ड्रोनने वरून काढलेली मांडवी नव्हे, हद्द म्हणून नदी. कोण अलीकडे, कोण पलीकडे, कधी आणि कशासाठी ओलांडली. आठही एपिसोडमधे एकदा तरी कोणीतरी पाणी ओलांडतंय असं बघा, तुम्हाला मुद्दाम काही करावं लागणार नाही, ते आहेच.

उदाहरण देतो. तुमचा चौथा एपिसोड इन्क्विझिशनचा आहे, मी त्याच्या आधी एक अख्खा एपिसोड देवांच्या स्थलांतराला देईन. मंगेशी कुठ्ठाळीहून प्रियोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर एकामागून एक मूर्ती नदीपलीकडे नेल्या गेल्या. हे आपल्याकडे प्रत्येक घरात माहीत आहे. पण पलीकडे काय होतं? अंत्रूज महाल, म्हणजे फोंडा, तेव्हा आदिलशाहीत होता. हे वाक्य प्रेक्षकाला जिथे बसलाय तिथे सरळ बसवतं, कारण त्याच्या डोक्यात "पलीकडे हिंदू राजा होता" असं काहीतरी धूसर असतं. तुमच्या यादीत आदिलशाहीचा एपिसोड दुसऱ्या नंबरवर येऊन १५१० ला मरतो, आणि इथे ती १५६० नंतरही नदीपलीकडे जिवंत आहे, देवांना जागा देतेय. तिथे खरा एपिसोड आहे. आणि दाखवायला काय? कुठ्ठाळीहून नदीकाठाने प्रियोळपर्यंत जा, रात्री, एक कंदील, एक होडी. कोणाला मूर्ती डोक्यावर घेऊन पळताना दाखवू नका. पाण्याचा आणि वल्ह्याचा आवाज पुरे.

सप्तकोटेश्वराचं तसंच. मूळ देऊळ दिवाडी बेटावर, मग नार्व्याला, आणि नार्वे-दिवाडी फेरीबोट आजही चालते. ती फेरी म्हणजे तुमचा फुकटातला सेट. नार्व्याच्या देवळात शिवाजी महाराजांच्या आज्ञेचा शिलालेख आहे, शके १५९०, कार्तिक कृष्ण पंचमी, म्हणजे नोव्हेंबर १६६८. आता बघा, प्रत्येकजण सांगतो "महाराजांनी १६६८ ला देऊळ बांधलं". शिलालेखात "प्रारंभः" आहे. काम सुरू झालं. एवढासा शब्द, पण कॅमेरा त्याच्यावर पाच सेकंद थांबवा आणि निवेदकाला तो वाचायला लावा, त्या पाच सेकंदांत प्रेक्षकाला कळतं की ही मंडळी वाचून आलीत, ऐकून नव्हे. पुढचे वीस मिनिटं तो तुमचा.

इन्क्विझिशनच्या एपिसोडची अडचण वेगळी. १५६० ते १८१२ (मधे चार वर्षं बंद होती), आणि दाखवायला जवळजवळ काही उरलेलं नाही. इमारत एकोणिसाव्या शतकात पाडली गेली, कागदपत्रांचा मोठा भाग नष्ट झाला. उरलं काय तर १६२३ पर्यंतच्या खटल्यांची एक यादी, ती लिस्बनला, आणि देलों नावाच्या फ्रेंच डॉक्टरने स्वतः तुरुंगात काढलेल्या दिवसांचं लिहिलेलं, ते १६८७ ला छापलं गेलं. इथे नवीन पोरं काय करतात, काळे झगे, मशाली, किंकाळ्या, लाल लाईट. मीही केलंय, अगदी सुरुवातीला असं नाही म्हणत, दहा वर्षांपूर्वी. आज बघवत नाही. त्यापेक्षा जुन्या गोव्यात से कॅथेड्रलच्या परिसरात ती इमारत होती ती मोकळी जागा दाखवा, दुपारी, टुरिस्ट सेल्फी काढतायत, आणि त्याच्यावर देलोंने लिहिलेली कोठडी निवेदनात. कागद नाहीत हे पण सांगा, का नाहीत ते सांगा. त्या भागातला आकडा कोणी लाखात सांगितला तर त्याला एकच विचारा, कुठल्या यादीतून मोजला?

आणि त्याच एपिसोडला लागून कुंकळ्ळी. १५ जुलै १५८३, पाच जेझुइट मारले गेले, मग असोळण्याच्या किल्ल्यात बोलणीला बोलावून गावकऱ्यांना मारलं. ह्याला रिएनॅक्टमेंट अजिबात लागत नाही, कारण फातर्प्याची शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण दरवर्षी गुलालोत्सवात परत कुंकळ्ळीला येते, बारा वांगडांच्या (गावकारांच्या कुळांच्या) बारा छत्र्या घेऊन, आणि त्यात ख्रिश्चन झालेल्या वांगडांचीही छत्री असते. लोक स्वतःच दरवर्षी ते नाचवतात. तुम्ही फक्त तारीख धरून आदल्या रात्री पोचा आणि ज्याच्या घरची छत्री आहे त्याच्या अंगणातून सुरुवात करा, मिरवणुकीत घुसून नाही.

तसंच कदंबांसाठी चांदर. चांदर म्हणजे चंद्रपूर, कदंबांची आधीची राजधानी. तिथे मुंडकं नसलेला नंदी आहे, विटांच्या देवळाचा पाया आहे, आणि कार्निव्हालच्या दिवसांत कोट भागातले ख्रिश्चन लोक मुसळखेळ खेळतात, मुसळं आपटत. हे दोन्ही एका एपिसोडमधे आलं की तांबडी सुर्ल्याच्या देवळाचे ड्रोन शॉट कमी पडले तरी चालतात (तिथे तसंही प्रत्येकाने काढलेत). त्याहून मागे जायचं असेल तर रिवणजवळ उसगाळीमळ, कुशावतीच्या काठी जांभ्या दगडावर कोरलेली चित्रं. तिथे भर दुपारी जाऊ नका, काहीच दिसत नाही, सपाट. सूर्य कलल्यावर तिरका उजेड पडला की बैल, चक्रव्यूह सगळं वर येतं. रेषा दिसाव्या म्हणून खडू मारणारे, पाणी ओतणारे भेटतील, हात जोडून नाही म्हणा, एक एलईडी पॅनल जमिनीलगत आडवं धरलं की काम होतं.

आता रिएनॅक्टमेंट. आकडा विचारलाय तर माझा आकडा २६ मिनिटांत दोन, फार तर तीन मिनिटं. कारण पैसा तर आहेच, लढाईच्या एका दिवसाच्या खर्चात चांगलं आठवडाभराचं शूट निघतं. पण खरं कारण चुका. ऐका आमची गंमत. कदंबांच्या काळातलं एक स्वयंपाकघर उभं केलं, सत्तरीत, मातीची चूल, तांब्याची भांडी, नऊवारीही नाही हां, बरोबर वेशभूषा, अभ्यास करून. कोणीतरी आर्ट डिपार्टमेंटच्या पोराने छान दिसतं म्हणून सुपात लाल मिरच्या वाळत घातल्या. चौघांनी मॉनिटर बघितला, मी त्यात एक. एपिसोड गेला. दुसऱ्या दिवशी पर्वरीच्या एका निवृत्त शिक्षिकेचा फोन, "बाबा, कदंबांगेर मिरसांगो खंयच्यान आयल्यो रे?" मिरची पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेहून आली. आधी तिखट म्हणजे मिरी. मी गप्प. आणि मग एपिसोड परत बघितला तर मिरच्या राहू देत, खिडकीबाहेर अख्खी बाग काजूची! काजूसुद्धा तिकडचाच. गोव्यात १५१० च्या आधीचा सीन बाहेर शूट करायचा म्हणजे काजू नाही, पेरू नाही, पपई नाही, अननस नाही, वर अकेशिया नाही आणि रबर नाही अशी फ्रेम शोधायची, करून बघा. म्हणून मी आता त्या काळाचे सीन टाइट घेतो, हात, भांडं, धूर, संपलं.

असल्या चुकांची माझ्याकडे वहीच आहे, त्यातल्या चार देतो, वापरा.

बॉम जेझुसची बॅसिलिका लाल जांभ्याची दिसते ती विसाव्या शतकात गिलावा काढल्यावर. ती १६०५ ची, आणि साडेतीनशे वर्षं तिच्यावर गिलावा होता. तेव्हा सतराव्या शतकाच्या सीनमधे लाल बॅसिलिका दाखवलीत की चूक. तसंच से कॅथेड्रलला आज एक मनोरा आहे, दुसरा १७७६ ला पडला, त्याआधीचं ग्राफिक करताना दोन काढा. ग्राफिकवाला मुंबईत किंवा बंगळुरात बसलेला असतो, तो गूगलवरचा फोटो घेऊन एकच काढतो. पणजीतल्या फोंताइन्यासच्या गल्ल्या म्हणजे सोळाव्या शतकाचा गोवा नव्हे, ती वस्ती फार नंतरची, आणि पणजी अधिकृत राजधानी झाली १८४३ ला. आणि पार्श्वसंगीत! आल्बुकेर्कची जहाजं येतात आणि मागे फाडो वाजतो. फाडो एकोणिसाव्या शतकातला, लिस्बनच्या गल्ल्यांतला. मांडो, म्हणजे आपलं कोंकणी गाणं, तोसुद्धा एकोणिसाव्याच शतकातला. हे म्हणजे पानिपतच्या लढाईला मागे नाट्यसंगीत लावण्यासारखं झालं.

नट घेताना एक सांगू? आपल्याकडे नटांची कमी नाही, प्रत्येक वाड्यावर जत्रेला नाटक बसतं आणि फोंड्या-पेडण्याची मंडळी तर जबरदस्त आहेत, पण त्यांना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय. कॅमेरा दीड फुटावर आणि समोरचा "कोण आहे रे तिकडे!" असा गरजतो की साउंडवाला हेडफोन काढून ठेवतो. डायलॉगच देऊ नका. बघायला लावा, चालायला लावा.

पाचवा एपिसोड, शिवाजी-संभाजी, ह्यावर तुमचा जीव आहे हे यादी वाचूनच कळलं. तो करा, पण दोन्ही एकात कोंबू नका. शिवाजी महाराजांचा भाग नार्व्याच्या निमित्ताने आधीच येऊन गेला. इथे फक्त १६८३ घ्या, आणि त्यातही एक रात्र घ्या. जुवे बेट, २४ नोव्हेंबर १६८३. फोंड्याच्या किल्ल्यावरून व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर मार खाऊन परतलेला, आणि मराठे रात्री ओहोटीला खाडी उतरून जुव्याचा किल्ला घेतात, जुन्या गोव्याच्या अगदी दारात. दुसऱ्या दिवशी व्हाइसरॉय स्वतः उतरतो आणि जखमी होऊन मागे येतो. पुढे सेंट झेवियरच्या शवपेटीपाशी जाऊन त्याने राजदंड ठेवल्याची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, ओहोटी कोणाला माहीत नसते. खरा हिरो ओहोटी आहे. जुव्याला खाजन शेती आहे, बांध आहेत, मानस आहेत (पाणी आत-बाहेर सोडायची झडप, शहरातल्यांसाठी सांगतो), ते सगळं अजून चालू आहे. घोडे आणू नका, भगवे झेंडे पन्नास आणू नका. खाडीतलं पाणी सहा तासांत कसं उतरतं ते एका जागी ट्रायपॉड लावून टिपा आणि पंधरा सेकंदात दाखवा. चिखल उघडा पडला की बघणाऱ्याला आपोआप कळतं की माणूस इथून चालत जाऊ शकतो.

आणि इथेच तारखांचा सापळा आहे, म्हणून जरा थांबतो. आम्ही एका एपिसोडमधे एकाच घटनेच्या दोन तारखा घेऊन "पोर्तुगीज खोटं लिहितात की इंग्रज?" असा मस्त हुक लिहिला होता. दहा दिवसांचा फरक. लॉक झालेला एपिसोड, म्युझिक लागलेलं. मग एका जुन्या जाणकाराला दाखवला, ते हसले आणि म्हणाले, दोघंही खरं लिहितात. पोर्तुगीजांनी ग्रेगोरियन कॅलेंडर १५८२ पासून घेतलं, इंग्रज १७५२ पर्यंत जुन्यावरच बसले होते, सतराव्या शतकात त्या दोघांत बरोबर दहा दिवसांचं अंतर. आमचा हुक गेला, दोन दिवस परत एडिट. आपल्याकडे त्यात तिसरी भर म्हणजे शक आणि तिथी. म्हणून स्क्रिप्टच्या डाव्या कॉलमला प्रत्येक तारखेपुढे ती कुठल्या कागदातून आणि कुठल्या पंचांगातून आली ते लिहायची सवय लावा. तिथी काढलीत तर बोनस, चंद्र कळतो, चंद्र कळला की भरती-ओहोटी कळते, आणि जुव्याची रात्र अंधारी दाखवायची की चांदणी हे अंदाजाने ठरवावं लागत नाही.

कागदांबद्दल. पणजीचं पुराभिलेख खातं १५९५ पासूनची परंपरा सांगतं, पहिला रखवालदार दिओगु दु कोतु, आशियातल्या जुन्या दप्तरखान्यांपैकी एक आपल्या गावात आहे आणि आपण लिस्बनचं तिकीट बघत बसतो. मराठ्यांच्या बाजूने वाचायचं तर पांडुरंग पिसुर्लेकरांचं काम आधी वाचा, त्यांनी तिथेच बसून आयुष्य काढलं. पण तुम्ही स्वतः उठून सतराव्या शतकातलं पोर्तुगीज हस्ताक्षर वाचाल हे डोक्यातून काढा. पोर्तुगीज येणारा मामा घरात असला तरी ते वाचता येत नाही. वाचणारा माणूस मानधन देऊन घ्या. मोडीचं तसंच, आणि गोयकानडी लिपीतले कागद वाचणारे तर बोटावर मोजण्याइतके. चित्रांसाठी लिन्शोतेनचा गोव्याचा बाजार सगळेच वापरतात, तो डच माणूस १५८३ ते १५८८ इथे होता, पुस्तक १५९६ ला हॉलंडमधे आलं, चित्र फुकट मिळतं, वापरा, पण ते कोरणारा कारागीर गोव्यात कधी आला नव्हता हे लक्षात ठेवून. व्हाइसरॉयांची पोर्ट्रेट पण तशीच, वेळोवेळी वरून रंगवलेली, चेहरा म्हणून त्यांच्यावर फार भरवसा नको.

राण्यांच्या बंडांवर मी फार लिहीत नाही, दिपाजी राणे १८५२ चे, नाणूसचा किल्ला, तो एपिसोड सत्तरीतला कोणीही म्हातारा माणूस तुम्हाला उभा करून देईल आणि शिगम्याला घोडेमोडणी शूट केलीत की अर्धं काम झालं. फक्त १८९५ विसरू नका, मराठा शिपायांना मोझांबिकला पाठवायचं ठरलं आणि त्यांनी नकार दिला, तिथून ते पेटलं. म्हणजे परत पाणी ओलांडण्यावरूनच.

परवानग्या: जुन्या गोव्यातली चर्चं, तांबडी सुर्ला ही केंद्रीय पुरातत्त्वची, त्यांना लवकर अर्ज, डिसेंबरात हात घालू नका कारण सेंट झेवियरच्या फेस्ताच्या दिवसांत तिथे पाय ठेवायला जागा नसते. देवळात आणि चर्चमधे कागदी परवानगी असली तरी पुजाऱ्याला आणि पाद्रीला आदल्या दिवशी जाऊन भेटा, महाजनांना फोन करा. ड्रोनचं म्हणाल तर दक्षिणेला दाबोळी नौदलाचं, उत्तरेला मोपा, मधे जे उरतं त्यात बघा. पावसाळ्यात आउटडोअर नको असं सगळे सांगतील, मी उलटं सांगतो, खाजन आणि नद्या जुलैतच दिसतात, रेनकव्हर घ्या आणि जा.

पाहुण्यांची भाषा. मालिका मराठी आहे म्हणून कुंकळ्ळीच्या बाईला मराठी बोलायला लावू नका. ती कोंकणीत बोलू दे, खाली पट्टी द्या. मराठीत बोलायला लागली की ती सभेत बोलल्यासारखं बोलते, कोंकणीत हसते, हात हलवते, शिव्या देते.

व्हॉइसओव्हर किती? २६ मिनिटांना मी चौदाशे शब्दांच्या वर जात नाही. तुम्ही पहिल्या ड्राफ्टला तीन हजार लिहाल. सगळे लिहितात.

शेवटचा एपिसोड. आल्बुकेर्क १५१० ला आला आणि १९६१ ला पोर्तुगीजांचं जे जहाज भारतीय नौदलाशी लढलं त्याचं नाव पण आफोंसो द आल्बुकेर्क, हे तुम्हाला सापडलं असणार आणि त्याच्यावर सीझन संपवायचा मोह होणार. सगळ्यांना होतो. नका करू. मी असतो तर रेडिओ घेतला असता. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो, १९५५ ते ६१, जंगलात ट्रान्समीटर घेऊन रोज गुप्त प्रसारण. त्या एपिसोडला चित्र कमी लागतं, एक जुना रेडिओ, एक बंद खिडकी, आवाज हळू करून ऐकणारं घर. आणि १९ डिसेंबरला थांबू नका. १६ जानेवारी १९६७ पर्यंत या. जनमत कौल, फूल की दोन पानं, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, ३४,०२१ मतांनी दोन पानं. मराठी मालिकेत हे टाळायचा तुमच्यावर दबाव येईल, दोन्हीकडून येईल. आमच्या घरात बाबा फूल आणि काका दोन पानं, दोघं एकाच बैलगाडीतून मतदानाला गेले आणि येताना काका चालत आले. अशी घरं गावोगाव आहेत, ती माणसं अजून आहेत, त्यांचाच पहिला नंबर लावा, मी वर म्हटलं त्या यादीत.

जुव्याला जाताना ओहोटीचं टेबल मात्र आधी बघून जा. आम्ही बघितलं नव्हतं, ट्रायपॉड बरोबर लावला पण बांधाच्या चुकीच्या बाजूला, आणि पाणी चढलं. कॅमेरामन डोक्यावर कॅमेरा धरून कमरेपर्यंत चिखलात दीड तास उभा होता, मानशीवाला आला तेव्हा सुटला. मानशीवाल्याने पहिला प्रश्न विचारला तो असा, "तुमी मराठे काय फिरंगी?"